पाणी गरम ठेवा, हवेला थंड राहू द्या

(अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच सांगून टाकतो. मिनियापोलिसच्या थंडीत घरामागे मासे आणि भाजी एकत्र वाढवायची असेल, तर हरितगृह गरम ठेवायचा नाद सोडा. विजेचं बिल बघून तुमच्या घरात जे बोललं जाईल, ते इथे व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

या एकत्र वाढवण्याचं, म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्सचं, तंत्र थोडक्यात असं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट भाजीच्या मुळांना मिळतं आणि निवळलेलं पाणी टाकीत परत येतं. मासा दिसतो, मेथी दिसते, म्हणून आपण त्यांचे लाड करतो. राबणारा जिवाणू डोळ्यांना दिसत नाही, आणि थंडीचा पहिला फटका त्यालाच बसतो. २५ ते ३० अंश सेल्सिअसला तो जोमात असतो. १८ अंशांच्या आसपास त्याची वाढ निम्म्यावर येते, १० च्या खाली गेलात की जेमतेम पाव उरते. माशांना मात्र तुम्ही जुलैच्या मापानेच खाणं टाकत राहिलात, तर अमोनिया आणि नायट्राइट साठत जातात. नायट्राइट वाढलं की माशाचं रक्त अक्षरशः तपकिरी होतं आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही तो गुदमरतो.

आता गंमत बघा. या विषयातलं आपल्या हाती येणारं बरंचसं ज्ञान उन्हाच्या देशातून आलंय. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तरंगत्या वाफ्यांची पद्धत बसवली, म्हणजे पाण्यावर फोमची पाटी, तिच्या भोकांत रोपं आणि मुळं थेट पाण्यात. लागवडीच्या दर चौरस मीटरला रोज ६० ते १०० ग्रॅम मत्स्यखाद्य, हे प्रमाण तिथलं. उत्तम काम आहे, पण ते बेट साधारण १८ अंश अक्षांशावर, म्हणजे आपल्या पुण्याच्या रांगेत. आपण बसलोय ४५ वर. तो आकडा मे ते सप्टेंबर वापरा, जानेवारीत कपाटात ठेवा.

उष्णतेचा हिशेब जरा नीट करू, कारण सगळी मेख तिथेच आहे. बारा बाय वीस फुटांचं हरितगृह धरा, चहूबाजूंनी दुहेरी प्लास्टिक. पारदर्शक पृष्ठभाग ढोबळमानाने ६० चौरस मीटर. बाहेर उणे २५ आणि आत फक्त ८ अंश ठेवायचे म्हटलं, तरी दर क्षणाला आठ किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर पळते. घरातले पाच-सहा हीटर रात्रभर चालू ठेवण्याचा हा प्रकार. ‘टाकीतलं पाणी दिवसा उष्णता साठवतं आणि रात्री देतं’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. खरं आहे, पण किती? हजार लिटर पाणी एक अंशाने उतरलं की १.१६ किलोवॅट-तास मिळतात. पाच अंश उतरवलं तरी त्या हरितगृहाची पाऊण तासाची सोय. उरलेल्या रात्रीचं काय?

तेच पाणी दोन इंची फोम बोर्डाने वरून, खालून, चारही बाजूंनी गुंडाळा. पाणी १४ अंश आणि भोवतालची हवा २ अंश असली, तर टाकीतून जाणारी उष्णता साधारण ४० वॅट. जुना पिवळा बल्ब आठवतो ना, तेवढी. नळ्या, वाफे, हवेचे बुडबुडे यांतूनही उष्णता जातेच, म्हणून चारपट, पाचपट धरा. तरी आपण किलोवॅटवरून वॅटवर आलो. तरंगत्या वाफ्याचा फोम हा पाण्यावरचं पांघरूणच असतो. मुळं १४ अंशांत, पानं २ अंशांत, आणि पालक, लेट्यूस, कोथिंबीर, मेथी यांना ते चालतं. वाफ्यावर कमानी लावून पातळ कापड टाकलं की अजून दोन-तीन अंश हाती लागतात.

याचा अर्थ हरितगृह कसंही बांधा असा नाही. दक्षिणेची बाजू सोडून बाकी काच-प्लास्टिक कशाला हवं? २१ डिसेंबरला भर दुपारी इथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. उत्तरेच्या भिंतीतून तेव्हा ऊन येत नाही, फक्त उष्णता जाते. उत्तर चीनमधल्या शेतकऱ्यांनी हे ओळखलं. उत्तरेला जाड मातीची भिंत, दक्षिणेला प्लास्टिकचा उतार, रात्री त्यावर गवताची जाड गादी. लिआओनिंगसारख्या थंड प्रांतात ते अशा रचनेत हिवाळ्यात काकडी काढतात, बहुतेक वेळा हीटरशिवाय. आपण मातीच्या भिंतीच्या जागी फोम भरलेली लाकडी भिंत उभी करू. दक्षिणेचा उतार ६० अंशांच्या आसपास ठेवा. बर्फ घसरून पडतं, आणि अंगणातल्या बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाशही आत येतो. फुकट मिळतोय तर घ्या.

जमिनीकडे दुर्लक्ष करू नका. दक्षिण मिनेसोटात इमारतीच्या पायाची नियमातली खोली ४२ इंच आहे, उत्तरेत ६०, कारण हिवाळ्यात जमीन तिथवर गोठते. हा गारठा बाजूने आत सरकू नये म्हणून हरितगृहाच्या कडेने फोम बोर्ड जमिनीत उभा गाडा. हे काम जमीन मऊ असताना, म्हणजे ऑक्टोबर संपण्याआधी. नंतर कुदळ वाजते, माती हलत नाही.

मासे कुठले? प्रत्येक वेळी कुणीतरी तिलापिया म्हणतंच. तिलापियाला २७ ते ३० अंश लागतात. १६-१७ च्या खाली तो खाणं टाकतो आणि १०-१२ वर मरायला लागतो. त्याच्यासाठी जानेवारीत पाणी २५ च्या वर ठेवायचं म्हणजे जावयाचा मानपान वर्षभर करण्यासारखं आहे. इथला यलो पर्च बघा. उन्हाळ्यात २१ ते २४ अंशांना छान वाढतो, आणि बर्फाखाली हिवाळा काढणं हा त्याचा पिढीजात धंदा. लोक तळ्याच्या बर्फाला भोक पाडून तोच तर पकडतात. ट्राउटही थंडीचा, १२ ते १६ अंशांचा, पण जुलैत पाणी २० च्या वर गेलं की तो संकटात. सेंट पॉलमध्ये जुन्या दारूभट्टीच्या इमारतींत अर्बन ऑरगॅनिक्स नावाचा मोठा प्रकल्प चालला. पहिल्या जागी तिलापिया, नंतरच्या जागी ‘आर्क्टिक चार’ नावाचा थंड पाण्यातला मासा आणि ट्राउट. आता बंद पडलाय, पण त्यांची वाट तिलापियाकडून थंड पाण्याच्या माशाकडे गेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुठलाही मासा आणण्याआधी राज्याच्या खात्याला परवान्याचं विचारा, आणि नकोसा झालेला मासा तळ्यात सोडू नका.

वीज गेली तर काय? ३० जानेवारी २०१९ ला इथे विमानतळावर उणे ३३ अंशांची नोंद झाली. अशा रात्री तार तुटली तर? पाण्याचा पंप काही तास बंद राहिला तरी चालतं, हवेचा पंप बंद राहून चालत नाही. म्हणून बॅटरी हवेच्या पंपाला. थंडी इथे थोडी मदत करते. १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना फक्त ७.५. शिवाय गारठलेला मासा कमी श्वास घेतो.

आणखी एक. मिनियापोलिसच्या नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असतं. बादली रात्रभर उघडी ठेवली की क्लोरीन उडून जातो, हे तसं उडत नाही. व्हिटॅमिन सी किंवा कार्बन फिल्टर वापरा, नाहीतर मासे आणि जिवाणू दोघंही गेले.

(प्रश्नोत्तरांतून)

मागच्या रांगेतल्या काकू विचारतायत, अळू आणि कढीपत्ता? काकू, अळू उन्हाळ्यात खडीच्या वाफ्यात लावा. ओलावा आणि नायट्रेट दोन्ही भरपूर, पानं अशी येतात की वड्यांना घरातली परात पुरणार नाही. थंडी लागली की कंद काढून तळघरात कोरडे ठेवा. कढीपत्ता कुंडीतच बरा, सप्टेंबरअखेर घरात.

स्वस्त पडतं का? मासा नाही पडत. पर्च ताटात यायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि दुकानात तो त्याहून कमी पैशांत मिळतो. भाजीचं गणित बरं आहे. इथे मेथीची जुडी कितीला मिळते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सुरुवात कधी करायची? मे महिन्यात. गरम पाण्यात जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून कितीतरी जास्त. आणि हिवाळ्याची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरका. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथला दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो. त्या काळात भाजी वाढत नाही, तग धरून राहते. तुम्ही वाढलेली भाजी खुडत राहायचं. नोव्हेंबरात पेरलंत तर फेब्रुवारीपर्यंत दोन पानांचं रोप बघत बसाल.