मसाल्याचा मेसेज गिऱ्हाइकापर्यंत पोचतो का? आधी हे तपासा

नमस्कार मंडळी. मार्च लागला, मिरच्या उन्हात पडल्या, आणि तुमचे प्रश्न सुरू झाले. "ताई, मसाल्याची जाहिरात इन्स्टाग्रामवर करू की फेसबुकवर?" "बूस्टला, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायला, किती पैसे घालू?" वाळवणाच्या व्हिडिओखाली तर पापडाबद्दल कुणी विचारेचना, सगळ्यांना गिऱ्हाईकच हवं होतं. म्हणून आज यावरच बोलते.

सुरुवातीचं भराभर सांगते, कारण ते बहुतेकींनी केलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं अ‍ॅप २०१८ पासून आहे, फुकट आहे, ते घ्या. त्यात कॅटलॉग, म्हणजे आपल्या मालाची फोटोसकट यादी, भरा. गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल काढा, तेही फुकट आहे. त्यासाठी कुणी फोन करून पैसे मागितले तर सरळ फोन ठेवून द्या. घरून काम करणाऱ्यांनी तिथे घराचा पत्ता लपवून फक्त आपण माल कुठे कुठे देतो ते गाव किंवा भाग लिहावेत, तशी सोय आहे. बऱ्याच जणींना या पत्त्याचीच भीती वाटते, म्हणून मुद्दाम सांगितलं. एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी करून तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापा. झालं.

आता खरी गोष्ट.

तीन वर्षांपूर्वीची आहे. माझ्याकडे तेव्हा २४० गिऱ्हाइकांचे नंबर होते. मार्चमध्ये सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर, म्हणजे यादीतल्या सगळ्यांना एकदम पण वेगवेगळा जातो तसा, मेसेज टाकला: यंदाचा कांदा-लसूण मसाला तयार होतोय, ऑर्डर सांगा. दोन दिवसांत जेमतेम वीस ऑर्डरी आल्या. मी घाबरले. वाटलं, मागच्या वर्षीचा मसाला लोकांना आवडला नाही. डंखावरून, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावरून, कुटून आणलेला वीस किलो माल घरात पडून, आणि सासूबाई मला धीर देतायत. मग मे महिन्यात एका लग्नात आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकू भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, यंदा मसाला केला नाहीस का? मी वाट बघून शेवटी बाजारातनं घेतला." त्यांना मेसेज गेलाच नव्हता!

का नाही गेला? ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच पोचतो, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह केलाय, पण त्यांनी तुमचा केलेला नाही, तर मेसेज तिकडे उगवतच नाही. तुम्हाला कुणी "गेला नाही" असं येऊन सांगतही नाही. एका यादीत २५६ नंबर बसतात आणि आपण खूश होतो की २५६ जणांना कळवलं.

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून) आत्ताच तपासून बघा. काल टाकलेला ब्रॉडकास्टचा मेसेज दाबून धरा, इन्फो उघडा. कुणाला पोचला, कुणी वाचला, सगळी नावं दिसतात. त्या लग्नावरून घरी आल्यावर मी हे पहिल्यांदा उघडलं. २४० पैकी ६१ नावं. रात्री झोप लागली नाही मला.

स्टेटसचंही तेच आहे. तुम्ही मिरच्या वाळत घातल्याचे सुंदर फोटो स्टेटसला टाकता, पण समोरच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नसेल तर ते त्याला दिसत नाहीत. आणि चोवीस तासांत जातात.

इथे कुणीतरी खाली लिहिणार, मला माहितीये, मागच्या वेळीही लिहिलं होतं: "लिज्जतकडे कुठं व्हॉट्सअ‍ॅप होतं?" नव्हतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. नीट बघा, ओळखीचा व्यापारी. त्यांना कुठे गाठायचं ते त्याला माहीत होतं, त्याला कुठे गाठायचं ते त्यांना. मी आज जे सांगतेय ते हेच आहे, फक्त फोनमधलं.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूनं विचार करा. आपला मसाला साठवणीचा. बाई एकदा एप्रिलमध्ये दोन किलो नेते, बरणीत भरते आणि वर्षभर आपल्याकडे फिरकत नाही. चहावाल्याचं गिऱ्हाईक रोज येतं, त्याला नंबर लागत नाही. आपली गाठ अकरा-बारा महिन्यांनी. तेवढ्यात तिचे सगळे मेसेज पुसले जातात, कधी फोनच बदलतो. पुढच्या मार्चला ती फोन हातात घेते आणि शोधते. काय टाइप करते? तुमचं नाव तिला आठवत नसतं. ती "मसाला" टाइप करते. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर "चटणी", कारण आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. आणि पुष्कळ जणी हे इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. तिनं तुम्हाला "सुनीता ताई" म्हणून सेव्ह केलं असेल तर तुम्ही सापडणार नाही. तिच्या फोनमध्ये पाच ताई आहेत.

म्हणून "नंबर सेव्ह करा हं" एवढं तोंडी सांगून भागत नाही. स्वतःचं कॉन्टॅक्ट कार्ड बनवा, त्यात नावाच्या जागी "मसाला चटणी" आणि पुढे गाव लिहा, तेच शब्द इंग्रजी अक्षरांतही घाला. ऑर्डर हातात देताना, तिथेच, दारात उभं राहून ते पाठवा आणि म्हणा, "काकू, हे दाबून सेव्ह करा, म्हणजे पुढच्या वर्षीचा निरोप पोचेल." नंतर पाठवीन म्हणालात की राहिलंच. कुरिअरनं माल जात असेल तर पोचल्याचा फोन कराल तेव्हा करून घ्या.

आणि नंबर विकत घेणं. हा विषय निघाला की मला राग येतो. मला स्वतःला एकानं हजारो नंबरांची यादी विकायचा प्रयत्न केला होता. ज्या बाईनं तुमचं नाव ऐकलेलं नाही, तिला रात्री नऊ वाजता अनोळखी नंबरावरून मसाल्याचा फोटो गेला तर ती काय करेल? ब्लॉक करेल, रिपोर्ट करेल. असे रिपोर्ट वाढले की व्हॉट्सअ‍ॅप तुमचा नंबरच बंद करतं, आणि त्याच नंबरावर तुमची खरी गिऱ्हाइकं असतात. कृपा करून हे करू नका.

अजून एक मनातलं बोलते. "किमतीसाठी मेसेज करा." का लिहिता हो हे? मिरचीचा भाव हलतो, मान्य. ब्याडगीचा दर आठवड्यात बदलतो, मीही तीच घेते. मग किमतीपुढे तारीख लिहा: "हा भाव १५ एप्रिलपर्यंतच्या ऑर्डरींना." संपलं. किंमत दिसली नाही की संकोची माणूस विचारत नाही, निघून जातो, आणि तो आला होता हेही तुम्हाला कळत नाही.

बूस्टचं विचारलं होतं ना? घाला पैसे, पण वरचं सगळं झाल्यावर, आणि आपलाच जिल्हा निवडून. आधी सासूबाईंची वही काढा. आमच्या वहीत नावापुढे लिहिलेलं असतं: दीड किलो, मध्यम तिखट, तीळ कमी. मी आता तेच व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या लेबलांत करते, तिखट वेगळे, मध्यम वेगळे. मार्चमध्ये मेसेज जातो तेव्हा मध्यमवाल्या काकूंना मध्यमचाच जातो. माझी पोच आता २४० मधल्या ६१ वरून ३१० मधल्या २७० वर आली आहे. एक रुपया जाहिरातीला न घालता.

शेवटचा प्रश्न एका दादांचा, आणि मला फार आवडला: "पावसाळ्यात काय पाठवायचं? तेव्हा तर विकायला काहीच नसतं." तेव्हाच पाठवायचं. जुलैमध्ये मी एकच मेसेज टाकते, तो जसाच्या तसा वाचते, हवा असेल तर उतरवून घ्या:

"नमस्कार. हवा दमट झाली आहे. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे दोन-तीन खडे घातले आहेत ना ते बघा. चमचा कोरडा ठेवा. रोजच्या वापरापुरता मसाला छोट्या डब्यात काढा, मोठी बरणी सारखी उघडू नका. काही शंका वाटली तर फोन करा."