पितळी कडी आणि उन्हाचा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार.

पितळेची दोन कडी, एकात एक दुमडून बसणारी, आणि मधे सरकत्या घुंडीची अरुंद पट्टी. अशी जुनी वस्तू कधी हाती आली, तर तिला दागिना समजू नका. ते घड्याळ आहे. विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात त्याला हे सुटसुटीत रूप दिलं.

ते वापरायचं कसं? टांगायची कडी आपल्या अक्षांशावर आणायची, घुंडी आजच्या तारखेवर. मग यंत्र उलगडून हवेत लोंबतं धरायचं आणि हळूहळू फिरवायचं. घुंडीला बारीक छिद्र असतं. त्यातून आलेला उन्हाचा ठिपका आतल्या कड्याच्या मधल्या रेघेवर पडला, की तिथला आकडा म्हणजे वेळ. खरी कमाल तर पुढेच आहे: त्या क्षणी बाहेरचं कडं आपोआप उत्तर-दक्षिण उभं असतं. होकायंत्र लागतच नाही! ऐन मध्यान्ही मात्र त्या कड्याचीच सावली छिद्रावर येते आणि यंत्र मुकं होतं. एरवी मिळते ती सूर्याची वेळ. मनगटी घड्याळाशी ती जुळली नाही, तर यंत्राला दोष देऊ नका.

रात्रीचं यंत्र वेगळं. मधल्या छिद्रातून ध्रुवतारा पाहायचा आणि लांब काटा सप्तर्षींतल्या पुलह-क्रतूच्या रेषेत आणायचा. तारे रोज सुमारे 4 मिनिटं आधी उगवतात, म्हणून तबकडी आधी तारखेला लावावी लागते. तिच्या कडेला तासांचे दाते असतात. अंधारात आकडे दिसत नाहीत, तेव्हा बोटाने दाते मोजायचे. वापरणाऱ्याची एवढी काळजी वाहणारा तो कारागीर मला फार जवळचा वाटतो.

या साऱ्यांत थोर म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ सांगणारं अ‍ॅस्ट्रोलेब, अर्थात यंत्रराज. महेंद्रसूरींनी 1370 मध्ये त्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. या यंत्राच्या पोटात चकत्या असतात, एकेक चकती एकेका अक्षांशासाठी कोरलेली. त्या पाहिल्या, की ते यंत्र कुठे कुठे वापरायचं म्हणून घडवलं होतं, हे कळतं.

म्हणून एक कळकळीची विनंती. जुनं पितळ घासून लखलखीत करू नका. प्रत्येक घासणीत धातूचा पातळ थर जातो, आणि त्याबरोबर अंशांच्या नाजूक रेघाही. मऊ, कोरड्या कापडाने धूळ टिपा, तेवढं पुरे.