उधारीची वही

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘छोट्या व्यवसायातून समाजकारणाकडे’ असा छापला आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण स्वतःचे दुकान, गाळा किंवा हातगाडी चालवणारे आहेत. म्हणून सुरुवात याच शहरातल्या एका व्यापाऱ्यापासून करतो. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे पुण्यातून एक निवेदन सादर झाले. ते लिहिणाऱ्या गृहस्थांनी स्वतःची ओळख देताना आधी व्यापारी, मग शेतकरी आणि शेवटी म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे आजच्या भाषेत नगरपालिकेचे सभासद, असे लिहिले आणि ‘पेठ जुना गंज’ असा पत्ता दिला. हे गृहस्थ म्हणजे जोतीराव फुले. भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती, घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून चौदा आणि सत्यशोधक समाज स्थापन करून नऊ वर्षे झाली होती. एवढे सगळे पदरी असताना त्यांनी पहिला शब्द लिहिला तो ‘व्यापारी’ हा, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले, म्हणजे धंदाच नावाला चिकटला. पुढे जोतीरावांनी भागीदारीत कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणाला बांधकामाचे साहित्य पुरवणे, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशी त्यांची कामे सांगितली जातात. दगड फोडणारे, माती वाहणारे, दिवसभर उन्हात उभे राहून संध्याकाळी मजुरी मागताना संकोचणारे लोक त्यांनी कामावर जवळून पाहिले, आणि कारकुनापासून वरपर्यंत पैसा कुठे कुठे झिरपतो तेही पाहिले. शेतकऱ्यांविषयी आणि मजुरांविषयी ते जे पोटतिडकीने लिहीत, त्यामागे हा हिशेबाचा अनुभव होता. नगरपालिकेत असताना मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चाला त्यांनी विरोध केला, कारण तो पैसा आधी प्राथमिक शिक्षणावर लागावा असे त्यांचे म्हणणे होते. ती इमारत १८८६ साली उभी राहिली आणि पुढे तिलाच त्यांचे नाव दिले गेले. मंडईत भाजी घ्यायला गेल्यावर वर पाहताना मला त्या विरोधाची आठवण हमखास होते.

‘आधी चार पैसे गाठीला बांधू, मग समाजाचे पाहू’ असे आपण म्हणतो, पण जोतीरावांच्या आयुष्यात हा क्रम सापडत नाही. पहिली शाळा काढली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. धंदा आणि लोकांचे काम त्यांच्याकडे बरोबरीने चालले. असे का होते, याचे मला उमगलेले उत्तर मी पुस्तकात वाचलेले नाही, ते आमच्या दुकानात मिळाले.

माझे वडील नारायण पेठेत सायकली भाड्याने देत आणि दुरुस्त करत. सुरुवातीला त्यांच्याकडे फक्त एक पंप, हत्यारांची एक लाकडी पेटी आणि पाण्याचे एक घमेले होते, आणि हे सगळे रस्त्याच्या कडेला मांडलेले असे. दुकान नंतर झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वडिलांबरोबर गेलो, तेव्हा आमच्या अकरा सायकलींपैकी चार गाळात रुतलेल्या सापडल्या, बाकीच्या कुठे गेल्या ते कधीच कळले नाही. पेटी गेली होती आणि उधारीची वहीही गेली होती. वडील सायकलींपेक्षा वहीसाठी अधिक वेळ चिखल उपसत राहिले.

त्यानंतर जे घडले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही एका शाळेत आश्रयाला होतो. तिथे शोधत शोधत लोक येऊ लागले आणि ‘माझ्याकडे तुमचे सव्वातीन रुपये आहेत’, ‘माझ्याकडे दोन दिवसांचे भाडे राहिले आहे’, असे आपणहून सांगू लागले. त्यांतल्या कित्येकांचे स्वतःचे घर वाहून गेले होते. वडिलांनी एक नवी वही आणली आणि ज्याने जे सांगितले ते तसेच लिहून घेतले, एका आकड्यावरही प्रश्न विचारला नाही. सुट्या भागांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे ते गेले आणि आपले देणे किती ते आठवून सांगितले, तर त्या गृहस्थांनी आधी नवा माल काढून समोर ठेवला. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या मालकांनी दिंडी दरवाजाबाहेरचा ओटा बसायला दिला. आमचे दुकान पुन्हा उभे राहिले ते या दोन गोष्टींवर, उधारी आणि जागा.

माझे शिक्षण त्याच ओट्यावर झाले असे मी मानतो. पंक्चर काढताना ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी दाबत फिरवायची. जिथून बुडबुडे येतील तिथे बोट ठेवायचे, फडक्याने कोरडे करून खूण करायची, काचकागदाने घासायचे, सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि ते सुकेपर्यंत थांबायचे. गिऱ्हाईक डोक्यावर उभे असताना हे थांबणेच सर्वांत अवघड असते. सोल्युशन ओले असताना ठिगळ लावले तर ते तिथे बसल्यासारखे दिसते आणि दुसऱ्या चौकात सुटते. वडील म्हणत, ‘त्याला कॉलेजला पोचायचं आहे, आपल्या दुकानासमोरून निघायचं नाही.’ पुढे नगरसेवक म्हणून मी रस्त्याच्या आणि पाइपलाइनच्या कामांवर उभा राहिलो, तेव्हा हेच वाक्य माझ्या कामी आले. एका कनिष्ठ अभियंत्याने मला मोजमाप पुस्तक कसे वाचायचे ते शिकवले. खोदाई किती, खडी किती, कोणत्या थराची जाडी किती, बिल कशावरून निघते, हे शिकायला मला आठवडा लागला असेल. ज्याने आयुष्यभर सायकलच्या बेअरिंगचे छर्रे मोजून दिले आहेत त्याला हे जड जात नाही, फक्त लाज न धरता विचारावे लागते. आपल्यातून जे उद्या निवडून जातील त्यांनी भाषणाच्या तयारीआधी ही वही वाचायला शिकावी.

जागेचा प्रश्न मात्र याहून खोल आहे. आमच्याच धंद्यातले सर्वांत मोठे उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. पुढे शहराच्या वाढीसाठी त्यांना आपल्या जागेतून उठावे लागले. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि कर्जाऊ रक्कम दिली, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी वसू शकली. तिथे घडलेले नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत भाऊराव पाटील होते, ज्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मोठ्या माणसांच्या चरित्रात जिद्द आपण ठळक वाचतो, पण माळ देणाऱ्याकडे आपले लक्ष जात नाही.

माझेही गेले नव्हते. मी नगरसेवक झालो तेव्हा आमचे दुकान शटरचे, पक्के, दोन गाळ्यांचे झाले होते. आमच्या रस्त्यावरील दुकानदारांनी समोरच्या पथारीवाल्यांना हटवावे असा अर्ज तयार केला आणि त्यावर पहिली सही मी केली. रहदारीला अडथळा होत होता हे खरे होते, आणि त्या दिवशी मला ते पुरेसे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या मावशी दुकानात आल्या. त्या वडिलांना ओळखत होत्या आणि मला लहानपणापासून ‘अरे-तुरे’ करत. त्या रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘सही तू केलीस असं कळलं. रस्ता मोकळा पाहिजेच बाबा. आता मी कुठं बसू, तेवढं सांग.’ पदराने घाम पुसत त्या उत्तरासाठी खरोखरच थांबल्या होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता.

तो अर्ज मी मागे घेतला. मग दुकानदार आणि पथारीवाले अशा दोघांना बरोबर घेऊन टेप लावून रस्ता मोजला. पायी चालणाऱ्याला किती जागा हवी, दुकानाचे दार कुठवर मोकळे हवे, चार फुटांची पथारी कुठे बसते आणि माल उतरवायचा टेम्पो किती वाजता यावा, हे ठरवायला कितीतरी संध्याकाळी गेल्या. काही जण अखेरपर्यंत नाराज राहिले. दोन विक्रेत्यांना पलीकडच्या गल्लीत जावे लागले आणि तिथे त्यांचा धंदा पूर्वीसारखा झाला नाही, याची बोच मला आजही आहे.

आता तर कायदाच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण व्हायचे असते आणि ते होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. शहर फेरीविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी परत करावा लागतो. मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी काय किमतीची राहते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या शेवटच्या तरतुदीचे मोल कळेल. उधारीच्या बाजूने पाहिले तर २०२० पासून पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली आणि तिचे पहिले कर्ज विनातारण दहा हजार रुपयांचे होते. तुमच्यापैकी ज्यांचा जम बसला आहे त्यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. आपल्या दारासमोर बसणाऱ्या एका तरी माणसाचा अर्ज भरून द्या, त्याच्याबरोबर बँकेत जा, आणि समितीची निवडणूक होईल तेव्हा त्याला मतदानाला पाठवा. निवडून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आज संध्याकाळी दुकान उघडे असतानाच हे करता येईल.

पुरानंतरची ती वही मी येताना बरोबर आणली आहे, कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे. पहिल्या पानांवर लोकांनी आपणहून सांगितलेली बाकी आहे, आणि ती जसजशी जमा झाली तसतशी वडिलांनी एकेक ओळ खोडली आहे. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचे देणे लिहिले आहे. घाऊक व्यापाऱ्याची रक्कम सात हप्त्यांत फिटली, तिथेही रेघ आहे. तिच्याखाली एकच ओळ आहे, ‘ओटा. भाडे घेत नाहीत.’ समोरचा रकमेचा रकाना मोकळा आहे, आणि ती ओळ वडिलांनी शेवटपर्यंत खोडली नाही.