मुरमाची वाट

(पहाट. विद्यापीठाचं गेट. पळत येणाऱ्या मुली.)

छत्रपती संभाजीनगर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं हे गेट. आतला डांबरी रस्ता मागे पडला की लेण्यांच्या डोंगराकडे मुरमाची वाट लागते. चढ, उतार, खडी, वाळलेलं गवत. क्रॉसकंट्रीला, म्हणजे डोंगर-माळावरून पळायच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला, नेमकं हेच लागतं, आणि मराठवाड्याला ते विकत आणावं लागत नाही.

तयारी चालली आहे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेची. मुलांना दहा किलोमीटर, मुलींनाही दहाच. जागतिक स्पर्धेत हे अंतर २०१७ साली सारखं झालं.

(डोंगराची चढण. पाय जवळून.)

पाय बघा. चढणीवर पावलं आखूड पडतात, टाच जेमतेम टेकते. माथ्यावर पोहोचताच दम खायचा मोह होतो, आणि शर्यत बहुतेक वेळा तिथेच हातची जाते. उतार त्याहून अवघड. भीतीने मागे रेललं की सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून सर उतारच पुन्हा पुन्हा पळायला लावतात. सुरुवातीला जोरात सुटलेली मुलगी आठव्या किलोमीटरला गळते, हेही इथेच, स्वतः गळून कळतं. त्याला दोन-तीन हंगाम जातात.

आणि तेवढी सवड आमच्या पोरांना मिळत नाही. बीड, जालना, परभणी, हिंगोली... कुठल्याही गावाबाहेर पहाटे पोरं पळताना दिसतील. बहुतेक भरतीची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. सराव तेवढ्याचाच. भरती झाली किंवा वय उलटून गेलं, की पळणं संपलं. दहा किलोमीटरचा दम असलेली किती पोरं अशी १६०० मीटरवरच थांबली असतील! कॉलेजातल्या एखाद्या क्रीडाशिक्षकाने हेरून आंतरमहाविद्यालयीन शर्यतीला उभं केलं, तरच पुढचा रस्ता दिसतो.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे रोज सहा किलोमीटर तुडवत शाळेत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्रीत उतरला. तिथून स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. त्याला सैन्याने हेरलं. बीड जिल्ह्यातली कॉलेजं त्याच्या गावापासून कितीतरी जवळ होती.

(उतारावरून एकामागोमाग येणाऱ्या मुली.)

पुढे पळणाऱ्या मुलीचा फोटो छापून येतो. आपण जरा मागे बघू. क्रॉसकंट्रीत संघाचं गणित क्रमांकांच्या बेरजेवर चालतं. बेरीज सगळ्यात कमी तो संघ पहिला. जागतिक स्पर्धेत सहा जणी पळतात आणि चौघींचे क्रमांक धरतात. म्हणजे चौथ्या मुलीने शेवटच्या उतारावर पाच जणींना मागे टाकलं, तर संघाचे पाच गुण वाचले. एकीच्या जिवावर इथे भागत नाही. बूट, खुराक, सराव शिबिर सगळ्यांनाच हवं, आणि ते स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सुचून उपयोगाचं नाही.

पदकाने पुढे काय होतं? सरकारी नोकऱ्यांत महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कुठलं पदक त्यात धरायचं, त्याचे निकष वेगळे.

आज विद्यापीठाच्या संघाची निवड आहे. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, चारही जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या मुली आल्या आहेत. ऊन चढायच्या आत शर्यत सुटेल.