साठाचे सत्तर येन

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल 2016 मध्ये जपानी टीव्हीवर एक जाहिरात झळकली. आइसकँडीच्या एका कंपनीची. अध्यक्षांपासून कामगारांपर्यंत सगळे रांगेत उभे राहतात आणि कमरेत वाकून देशाची माफी मागतात. गुन्हा काय? तर 60 येनची कँडी 70 ची केली! आधीची भाववाढ 25 वर्षांपूर्वीची, 1991 मधली. कँडीचं नाव ‘गारीगारी-कुन’. आपल्या जत्रेतल्या गारीगाराशी तिचं काही नातं नाही, पण ऐकून बरं वाटतं खरं.

तुम्ही म्हणाल, 25 वर्षं भाव वाढला नाही, यात वाईट ते काय? अशा देशात राहायला आम्ही एका पायावर तयार आहोत. पण थांबा. भाव हलले नाहीत, तसे तिथले पगारही फारसे हलले नाहीत. अर्थशास्त्रात याला ‘स्टॅग्नेशन’ म्हणतात. आपली वर्तमानपत्रं सरसकट ‘मंदी’ लिहून मोकळी होतात, ते मला पटत नाही. मंदीत उत्पादन घटतं, कारखाने बंद पडतात आणि वर्षा-दोन वर्षांत घडी बहुधा पुन्हा बसते. स्टॅग्नेशनमध्ये डोळ्यांदेखत काही कोसळत नाही. एखादा टक्का वाढ होते, की पुन्हा सगळं जागच्या जागी. सरकारी नोकरांना हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं बढती नाही, या अवस्थेला त्यांच्या शासन निर्णयांत ‘कुंठितता’ असा नेमका शब्द आहे.

जपान कुंठित झाला कसा? 1980 च्या दशकात स्वस्त कर्जांवर जमिनींचे आणि शेअरचे भाव बेफाम चढले. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराची किंमत अख्ख्या कॅलिफोर्नियाहून जास्त, असं तेव्हा लोक सांगत. 29 डिसेंबर 1989 ला टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 38,915 या उच्चांकावर बंद झाला. मध्यवर्ती बँकेनं व्याजदर सव्वा वर्षात अडीच टक्क्यांवरून सहावर नेला आणि फुगा फुटला. फुटला ते ठीकच. खरं दुखणं त्यानंतरचं. जुनं कर्ज बुडालं असं वहीत लिहायला लागू नये, म्हणून बँका दिवाळखोर कंपन्यांना नवं कर्ज देत राहिल्या. त्या कंपन्या धड मेल्या नाहीत, धड जगल्या नाहीत. पैसा मात्र त्यांच्यात अडकला. नव्वदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पोरांना कायमच्या नोकऱ्या मिळेनात. ‘नोकऱ्यांच्या हिमयुगाची पिढी’ म्हणतात त्यांना तिकडे. त्यातले कितीतरी जण आज चाळिशी-पन्नाशीतही कंत्राटावर आहेत. भाव उतरतीलच, म्हणून लोक खरेदी पुढे ढकलत, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून भाव आणखी उतरत. व्याजदर शून्यावर आणला, 2016 मध्ये शून्याच्याही खाली नेला, म्हणजे मध्यवर्ती बँकेत जादा पैसे ठेवणाऱ्या बँकांनाच भुर्दंड. तरी सगळं ढिम्म.

पाहुण्याला यातलं काही दिसत नसे. रस्ते लख्ख, गाड्या मिनिटाच्या ठोक्याला.

निक्केईनं तो जुना उच्चांक ओलांडला 22 फेब्रुवारी 2024 ला, तब्बल 34 वर्षांनी. पुढच्याच महिन्यात उणे व्याजदरही गेला. भाव तर त्याआधीच वाढू लागले होते, पण पगारांना मागे टाकून. 2025 च्या वसंतात तांदूळ वर्षभरापूर्वीच्या जवळपास दुप्पट भावाला गेला. नेमकं तेव्हाच तिथले कृषिमंत्री बोलून गेले, की आपल्याला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, समर्थक आणून देतात. मे महिन्यात त्यांना खुर्ची सोडावी लागली.