इलेक्ट्रॉन काढायला किती पडतं?

मित्रहो, आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. नीट मोजला तर त्यात अगदी जवळजवळच्या दोन रेषा सापडतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. सूर्याच्या वर्णपटात याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. म्हणजे सोडियम कुठलंही असो, आकडे तेच. अशाच रेषांवरून बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी १८६० मध्ये सीझियम शोधलं. पण या रेषा मुळात का पडतात, याची वाट १९१३ मध्ये नील्स बोर यांनी दाखवली: अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येतं.

सोडियममध्ये अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ आणि तिसऱ्यात एकटा एक. ज्योतीच्या उष्णतेने तो अकरावा वरच्या पातळीवर जातो आणि परतताना सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतो. तोच आपल्याला दिसणारा पिवळा रंग. (एक व्होल्टच्या विभवांतरातून जाताना इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते, ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.)

आता या इलेक्ट्रॉनला अणूतून पुरताच बाहेर काढू. त्याला ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पडतात. पुढचा काढायचा तर ४७.३! एकदम नऊपट. कारण तो आतल्या कवचातला, केंद्रकाच्या जवळचा. सोडियम आपल्या संयुगांत एकच इलेक्ट्रॉन का गमावतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. शेजारच्या मॅग्नेशियमचे आकडे ७.६ आणि १५.०, आणि मोठी उडी त्यानंतर येते. म्हणून मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन देतो.

शाळेत आपण हे वेगळ्या भाषेत शिकतो. सोडियमला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं म्हणून तो इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनलाही तेच हवं असतं म्हणून तो घेतो. लक्षात ठेवायला हे सोपं आहे, पण मला त्याची काळजी वाटते, कारण हिशेब केला तर ते टिकत नाही. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१ खर्च, क्लोरीनने तो घेतल्यावर परत मिळतात फक्त ३.६. दोघांची अष्टकं पूर्ण झाली, तरी खात्यात दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टची तूट! ती भरून निघते ती धन आणि ऋण आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले आणि मिळवलेले अणू) जवळ आल्यावर. मिठाच्या स्फटिकात आयनांच्या दर जोडीमागे सुमारे ८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटतात. मीठ बनतं ते या आकर्षणाच्या जोरावर. अणूला हौस नसते.

अष्टकावरच्या विश्वासाची किंमत रसायनशास्त्राने मोजलेली आहे. झेनॉन या वायूचं बाह्यतम कवच भरलेलं, म्हणून तो कशाशीच संयोग करणार नाही, असं बहुतेक जण धरून चालले होते. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्ये झेनॉनची फ्लोरिनशी संयुगं होतील असं भाकीत केलं होतं, पण कॅलटेक या अमेरिकेतल्या संस्थेत झालेला प्रयत्न फसला आणि विषय मागे पडला.

पुढे कॅनडात व्हँकुव्हरला नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड हा लालभडक वायू चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. ऑक्सिजनच्या रेणूची आयनन ऊर्जा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन काढायला पडणारी ऊर्जा, १२.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. झेनॉनची किती? १२.१३. फरक नगण्य! झेनॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन पाचव्या कवचात, केंद्रकापासून लांब, म्हणून ते तुलनेने स्वस्त. हे दोन्ही आकडे सगळ्यांना उपलब्ध होते. ते शेजारी ठेवून पाहिले बार्टलेट यांनी. २३ मार्च १९६२ रोजी त्यांनी काचेच्या उपकरणात दोन वायूंमधला अडसर फोडला. एक लाल, एक रंगहीन, आणि तिथल्या तिथे पिवळसर-नारिंगी घन पदार्थ जमला. त्याची रचना सुरुवातीला वाटली त्याहून गुंतागुंतीची आहे हे नंतर कळलं, पण झेनॉनचा संयोग झाला होता, यात शंका उरली नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne; हे ठिकाणाचं नाव, वायूचं नव्हे) राष्ट्रीय प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या भांड्यात ४०० अंश सेल्सियसला तापवले आणि झेनॉन टेट्राफ्लोराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. इतकं साधं!

राजवायूंच्या, म्हणजे झेनॉनसारख्या सहसा संयोग न करणाऱ्या वायूंच्या, गटात वर सरकावं तसा इलेक्ट्रॉन काढण्याचा भाव चढत जातो. क्रिप्टॉन १४.०, त्याची मोजकी संयुगं आहेत. आर्गॉन १५.८. त्याला हायड्रोजन आणि फ्लोरिनशी बांधण्यात हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांना २००० साली यश आलं, तेही गोठवलेल्या आर्गॉनमध्येच, आणि उणे २४६ अंशांच्या वर तो रेणू टिकत नाही. निऑनचा आकडा २१.६. त्याचं बाटलीत भरून ठेवता येईल असं एकही संयुग अजून कुणाला बनवता आलेलं नाही.