जागा कोण धरतं?

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकातून दिसणारे जिवाणू, टोकांना फाटे फुटलेले.)

१८९९ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए हे संशोधक अंगावर पिणाऱ्या बाळांची शी तपासत होते. तिथे त्यांना हे जिवाणू सापडले. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या शीत ते फार कमी दिसतात. आज आपण त्यांना बिफिडोबॅक्टेरियम म्हणतो. सव्वाशे वर्षांनी त्यांच्याकडे पुन्हा लक्ष गेलंय, ते अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे.

जन्मल्यावर काही तासांतच बाळाच्या आतड्यात जिवाणू पोचू लागतात. आईकडून, घेणाऱ्यांच्या हातांवरून, कपड्यांवरून, रुग्णालयातल्या खाटेवरून. येणारे सगळेच हिताचे नसतात. त्यातलं कोण टिकणार, हे बऱ्याच अंशी दूध ठरवतं.

(पडद्यावर: बाळ अंगावर पितंय.)

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्यानंतर सर्वांत जास्त काय असतं? प्रथिनं नव्हे. ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा. लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम, चिकात त्याहूनही जास्त. आणि गंमत अशी, की बाळाला त्या पचत नाहीत. बाळंतपणातून नुकतं उठलेलं शरीर एवढी शक्ती खर्चून जे बनवतं, ते बाळाच्या पोटातून जवळजवळ जसंच्या तसं मोठ्या आतड्यापर्यंत जातं. मग ते कोणासाठी?

उत्तर आहे बिफिडोबॅक्टेरियम लाँगम इन्फँटिस. २००८ साली या जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आईच्या दुधातल्या या शर्करा पचवण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा एक अख्खा संच एकाच ठिकाणी सापडला. हा जिवाणू त्या शर्करा अख्ख्या आत ओढून घेतो आणि आत गेल्यावर तोडतो. त्यामुळे आजूबाजूच्या जंतूंना खायला फारसं काही उरत नाही. वर तो ॲसेटिक आणि लॅक्टिक आम्ल तयार करतो. आतडं आम्लधर्मी होतं, आणि ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या जंतूंना ते मानवत नाही. पीक दाट आलं की तणाला जागा उरत नाही, तसंच हे.

मला हा सगळा विषय इथे येऊन महत्त्वाचा वाटतो. कारण औषधांना न जुमानणारी जनुकं हवेत तरंगत नाहीत, ती कुठल्या ना कुठल्या जिवाणूच्या अंगात असतात. बाळाच्या आतड्यात ती मुख्यतः ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांच्या कुळातल्या जंतूंमध्ये आढळतात. हे जंतू प्लाझमिड नावाची डीएनएची छोटी कडी एकमेकांना देतात, आणि तिच्याबरोबर अनेक औषधांविरुद्धचा प्रतिकारही देऊन टाकतात. ज्या बाळाला अँटिबायोटिकचा एक थेंबही मिळालेला नाही, त्याच्या शीतही ही जनुकं सापडतात. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिकारामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, आणि त्यात पाच वर्षांखालच्या मुलांचा वाटा मोठा होता.

आता उलट बाजूने पाहा. बांगलादेश आणि स्वीडन या दोन देशांतल्या बाळांच्या शीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियमचं राज्य होतं, त्यांच्यात प्रतिकाराची जनुकं कमी होती. पुढच्या वर्षी साठेक बाळांच्या एका अभ्यासात, अंगावर पिणाऱ्या ज्या बाळांना इन्फँटिस दिला होता, त्यांच्यात ही जनुकं ९० टक्क्यांनी कमी आढळली. हा अभ्यास लहान आहे, आणि त्यातले काही संशोधक तो जिवाणू बनवणाऱ्या कंपनीचे होते, हेही प्रेक्षकांना कळायला हवं. तरी दोन्ही अभ्यास बोट एकाच दिशेने दाखवतात.

(पडद्यावर: नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग. सलाइनची बारीक नळी.)

मग अँटिबायोटिक दिलं की काय होतं?

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात जंतुसंसर्गाची शंका आलेल्या १४७ बाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत विभागलं. तिन्ही गटांना प्रचलितच औषधं मिळाली, फक्त जोड्या वेगळ्या. औषध सरासरी ४८ तास चाललं. एवढ्यानेही बिफिडोबॅक्टेरियम घटले, क्लेब्सिएला आणि एंटरोकॉकस हे जंतू वाढले, आणि घडी पुन्हा बसायला वर्षभर लागलं. पण तिन्ही जोड्यांनी सारखी हानी केली नाही. पेनिसिलिन आणि जेंटामायसिन यांनी सर्वांत कमी, ॲमॉक्सिसिलिन आणि सेफोटॅक्सिम यांनी सर्वांत जास्त. औषध निवडताना हा फरक विचारात घ्यायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

याचा अर्थ औषध टाळा असा मुळीच नाही. नवजात बाळाला रक्तात जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जीव जाऊ शकतो, तिथे वाट पाहणं धोक्याचं. सिझेरियन झालेल्या आईनेही मनाला लावून घेऊ नये. त्या बाळांमध्ये सुरुवातीला रुग्णालयातले जंतू जास्त दिसतात हे खरं, पण त्या शस्त्रक्रियेने कित्येक जीव वाचतात.

आणि चांगले जिवाणू बाटलीतून पाजावेत का? अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत फार जपायला हवं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला, कारण असं उत्पादन दिलेल्या एका अतिशय लहान बाळाच्या रक्तात तोच बिफिडोबॅक्टेरियम शिरला आणि ते बाळ दगावलं. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असलं काही देऊ नये.

हातात असलेली गोष्ट साधी आहे. औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी, घ्यायचं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की ३६ तासांनी कल्चरमध्ये जंतू नसतील, सुरुवातीची शंका फार बळकट नसेल, बाळाची तब्येत चांगली असेल आणि रक्ताच्या बाकीच्या तपासण्या ठीक असतील, तर औषध थांबवण्याचा विचार करावा. बाळ दाखल असताना आई-वडिलांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं: कल्चर घेतलं का, अहवाल कधी येणार, आणि तो स्वच्छ आला तर अँटिबायोटिक कधी बंद होणार?